संत्र्याची टाकी आणि सरकारी रस्ता

मोहगावच्या त्या रस्त्यावर केतकीच्या अंगावर पाणी पडलं, तेव्हा आभाळात ढगाचा ठिपकाही नव्हता. दिवाळी होऊन गेली होती. ऊन कोवळं होतं, बागांमध्ये संत्र्यांची तोडणी लागली होती, आणि केतकी डोळा कॅमेऱ्याला लावून, श्वास रोखून उभी होती... तेवढ्यात धबाक! डोक्यावरून, कानामागून, थेट पाठीत गार पाणी.

कॅमेरा तेवढा तिनं पोटाशी धरून वाचवला.

"ओ मॅडम!" वरून आवाज आला. "फोटो नाही काढाचा!"

माफी नाही, काही नाही. केतकीनं तोंडावरचं पाणी निपटून वर पाहिलं. गच्चीच्या कठड्यावरून एक तरुण ओणवा झाला होता. आणि त्याच्यामागे होतं ते, ज्याच्यासाठी ती पांढुर्ण्याहून इतक्या लांब स्कूटी हाणत आली होती — भलंमोठं, गोल गरगरीत, सिमेंटचं संत्रं. वर देठ, देठाला सिमेंटचीच दोन पानं, आणि त्या पानांच्या मधल्या पाइपातून बदाबदा वाहणारं पाणी. घराची पाण्याची टाकी होती ती.

"आधी पंप बंद करा!" केतकी ओरडली. "टाकी भरली तुमची!"

"अरे बापरे..." म्हणत तो दिसेनासा झाला. मग जिन्यावरून धडधड पावलं वाजली, पंपाची घरघर थांबली, आणि तो टॉवेल घेऊन फाटकाबाहेर आला. घर आणि रस्ता यांच्यामध्ये एक उघडी नाली होती, तिच्यावर शहाबादी फरशी टाकलेली. त्या फरशीच्या पलीकडे थांबून त्यानं टॉवेल पुढे केला.

"पुसून घ्या. पण फोटो मिटवून टाका."

"कावून मिटवू?"

"घर आमचं हाय."

"घर तुमचं. अन् मी उभी आहे तो रस्ता कोणाचा?"

तो जरा गडबडला. "रस्ता... नगर पंचायतीचा."

"म्हणजे माझाही. तुमची भिंत चढून पाहून राहिली का मी? इथून दिसते. बसवाल्यांना दिसते, बैलांना दिसते. रस्त्यावरून जे घर सगळ्यांना दिसते, त्याचा फोटो काढायला मालकाची परवानगी लागत नाही. फौजेची, सरकारी मनाईची जागा असेल तर गोष्ट वेगळी. तुमच्या संत्र्यात तोफ आहे का?"

"नाही."

"मग झालं. अन् काढलेला फोटो मिटवा म्हणून जबरदस्ती कोणालाच करता येत नाही."

"कायदा शिकून आल्या वाटते."

"शिकावा लागते! दर दुसऱ्या घरातून कोणी तरी निघते अन् 'ओ मॅडम' म्हणते. तुमचं पाणी सरकारी रस्त्यावर आलं ते चालते. माझी नजर तुमच्या गच्चीवर गेली तर चालत नाही?"

तो हसला. हसताना डाव्या गालाला खळी पडली, आणि त्या खळीचा केतकीला विशेष राग आला.

"मंग माझाही फोटो आला असन त्याच्यात?" त्यानं विचारलं.

"नाही आला. विचारल्याशिवाय मी माणसाचा फोटो काढत नाही. घर वेगळं, माणूस वेगळा."

हे वाक्य आपल्याला किती महागात पडणार आहे, याची तिला तेव्हा कल्पना नव्हती. तो वळला, जिना चढला आणि बरोबर संत्र्याच्या मधोमध, हाताची घडी घालून उभा राहिला.

"काढा आता, मॅडम!"

केतकीनं डोळे मिटले. दहा आकडे मोजावेत म्हटलं, तर तीनच्या पुढे धीर पुरला नाही.

केतकीच्या वडिलांचा, मुकुंदरावांचा, पांढुर्ण्यात जुना फोटो स्टुडिओ. एके काळी तिथल्या पडद्यावर रंगवलेला धबधबा होता, आणि लगीन ठरलेल्या मुली त्या धबधब्यापुढे लाकडी खुर्चीला हात लावून उभ्या राहायच्या. मुकुंदराव काळ्या कापडातून डोकं बाहेर काढून विचारायचे, "तयार?" समोरून "हो" आल्याशिवाय त्यांनी उभ्या आयुष्यात बटण दाबलं नाही. लेकीनं त्यांची ती सवय उचलली, पण माणसांपेक्षा तिचं मन घरांवर जास्त. घरांच्या माथ्यांवर. त्या काळी घराला चेहरा असायचा. कोणाच्या माथ्यावर सिमेंटचे दोन सिंह, कोणाच्या मोर, कुठे 'मातृछाया' आणि खाली साल. पांढुर्णा जिल्हा झाला आणि जो तो घराला काचा आणि चकचकीत पत्रे लावायला लागला. माथे भराभर जाऊ लागले, तशी केतकी ते टिपत सुटली. नागपुरात तिच्या फोटोंचं प्रदर्शन ठरलं होतं, आणि सगळ्यांत मोठ्या भिंतीवर लागणार होतं हे संत्रं. तेवढाच फोटो राहिला होता.

आणि त्या फोटोत तो उभा होता.

दुसऱ्या दिवशी ती सकाळीच गेली. तो गच्चीवर पेपर वाचत बसला होता, पाठ संत्र्याला टेकवून. त्याच्या पुढच्या दिवशी उतरत्या उन्हात गेली, तर गच्चीवर बाज टाकलेली आणि हा बाजेवर आडवा.

"तुम्हाला काही कामधंदा नाही का?" ती खालून ओरडली.

"बागेत तोडणी चालू हाय ना!" त्यानं फोन हलवून दाखवला. "इथूनच सांगून राहिलो गड्याईले."

"उठा तिथून!"

"घर माह्यं, गच्ची माही, बाज माही. तुमचाच कायदा हाय, मॅडम."

"अहो, दोन मिनिटं!"

"आजकाल फोटोतला माणूस पुसता येते म्हणे."

"येते. मी नाही पुसत."

"कावून?"

"होता तर होता. नव्हता कसा म्हणू?"

यावर तो कोपरावर उठून बसला आणि तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिला. केतकीनं उगाच लेन्स पुसायला घेतली. ती स्वच्छच होती.

त्याचं नाव हेमराज. हे तिला त्याच्या आईकडून कळलं, कारण देवकाबाईंची हाक मोहगावच्या टोकापर्यंत जायची. पदराला हात पुसत त्या फाटकात आल्या, केतकीला त्यांनी पायापासून केसांपर्यंत न्याहाळलं आणि एकदम गोड आवाजात म्हणाल्या, "अशी उन्हात कावून उभी व पोरी? आत ये. चहा घे."

"नको काकू. आत आली की मी रस्त्यावर नाही राहत. मग तुमची परवानगी लागते."

"मंग रस्त्यावरच घे!"

आणि खरंच, प्लास्टिकची खुर्ची नालीच्या अलीकडे रस्त्यावर आली, चहा आला, चिवडा आला. जाणारे-येणारे वळून वळून पाहू लागले.

"कोणाकडून आली?" देवकाबाईंनी आवाज उतरवून विचारलं.

"कोणाकडून नाही. माझी मी आली."

"हाव, हाव." त्यांनी समजूतदारपणे मान हलवली. "काटोलवाल्याईकडून ना?"

"कोण काटोलवाले?"

"असंच म्हणतेत सारे. रविवारी येऊन राहिले ना ते आमच्या हेमराजचं घर पाहाले. आमच्या नणंदेच्या वेळेस आमचा मामा खत विकाच्या बहाण्यानं पोराचं घर पाहून आलता. तूही पाय, चांगलं पाय. पाण्याले कमी नाही, संडास दोन हायेत."

केतकीच्या डोक्यात हळूहळू उजेड पडला. रविवारी काटोलहून मुलीकडचे लोक हेमराजचं घर पाहायला येणार होते. आणि तशा लोकांनी आधी गुपचूप कोणाला तरी पाठवून घराची पारख करणं, ही इकडची जुनीच रीत. कॅमेरा घेऊन रोज घरापुढे उभी राहणारी अनोळखी मुलगी दुसरी कोण असणार?

"काकू, शपथ घेऊन सांगते, मी प्रदर्शनासाठी—"

"बिस्किट देऊ का?"

केतकीनं कपाळाला हात लावला. वर गच्चीवर कोणी तरी तोंड दाबून हसत होतं.

पण गुरुवारी ती आली, तेव्हा हेमराज गच्चीवर नव्हता. नालीपलीकडच्या ओट्यावर गप्प बसला होता. गच्ची मोकळी, ऊन तिरपं, संत्र्याच्या एका गालावर सोनं आणि एका गालावर सावली. इतके दिवस जिची वाट पाहिली ती घडी. केतकीनं कॅमेरा उचलला... आणि खाली केला.

"काय झालं?" तिनं विचारलं.

"शनिवारी तोडून राहिले संत्रा." तो म्हणाला. "राजू मिस्त्रीले सांगतलं मायनं."

"का?"

"तुह्यामुळं." 'मॅडम' कधी गळून पडलं होतं, दोघांच्याही लक्षात आलं नाही. "काटोलवाल्याईनं पाठवलेली पोरगी रोज टाकीचाच फोटो घेऊन राहिली, म्हणजे टाकीच नडून राहिली, असं मायचं म्हणणं."

"पण मी सांगितलं ना त्यांना! तू सांग!"

"मी सांगतलं तं म्हणे, तुले का समजते."

केतकी खुर्चीवर मट्कन बसली. ती खुर्ची आताशा रस्त्यावरच राहायची.

मग हेमराजनं एक संत्रं सोललं. सालीचा झणझणीत वास दोघांमध्ये पसरला. अर्ध्या फोडी त्यानं नालीवरून पुढे केल्या आणि बाकीची गोष्ट सांगितली. तो रांगत होता तेव्हा बागेचं पहिलं मोठं पीक आलं होतं. त्याच्या वडिलांनी, यशवंतरावांनी, मिस्त्रीबरोबर स्वतः थापी हातात घेऊन ही टाकी बांधली. सौंसरहून छोट्या लाइनची आगगाडी जायची तेव्हाची गोष्ट. लोक गाडीतून उतरून, सायकली मागून आणून संत्रं पाहायला यायचे. यशवंतराव प्रत्येकाला गच्चीवर न्यायचे, देठावर हात ठेवून उभे राहायचे. आणि मागच्या वर्षी कोण्या वाटसरूनं मोबाइलवर फोटो काढला आणि खाली लिहिलं — 'इथं पोरगी द्या, नळाले रस येते.'

"साऱ्या नातेवाइकाईच्या ग्रुपवर फिरला. खाली हसणारे तोंडं. बाबानं एकेकाचं नाव वाचलं." हेमराज सालीचे तुकडे करत होता. "तवापासून बाबा गच्चीवर चढत नाही. रस्त्यानं आला तं मानही वर करत नाही. म्हणून मी फोटो काढू देत नव्हतो... पयले."

"आणि मग?"

"मंग..." त्यानं खाली पाहिलं. "मंग तू रोज येऊन राहिली ना. फोटो निघाला असता तं आली असती का?"

केतकीला त्याच्या खांद्याला धरून हलवावंसं वाटलं. इतक्या चकरा, इतकं पेट्रोल, इतकं ऊन... आणि हा गुलाम बाजेवर लोळत होता ते यासाठी! राग यायला हवा होता. आलाही. पण तो कुठे तरी मध्येच, बरगड्यांच्या आसपास, दुसरंच काही तरी होऊन बसला.

"त्यानं फोटो काढला ते चूक नाही," ती अखेर म्हणाली. "तोही रस्त्यावरच उभा होता, माझ्यासारखा. खाली जे लिहिलं ते चूक."

"हा फरक बाबाले कोण समजावन?"

"अन् रविवारी काटोलवाले आले, तर तू काय सांगशील?"

"तू सांग, काय सांगू?"

"मी का सांगू? माझा काय संबंध?" असं म्हणून केतकीनं स्कूटीला किक मारली. ती बटणावर चालू होते, हे तिला रस्त्याच्या वळणावर आठवलं. फोटो काढायचा राहिला, हे तर पांढुर्ण्यात पोचल्यावर.

शनिवारी ती पोचली तेव्हा अंगणात नवी काळी प्लास्टिकची टाकी आडवी पडली होती आणि वर गच्चीवर राजू मिस्त्री घण घेऊन चढला होता. हेमराज त्याच्या आणि संत्र्याच्या मध्ये उभा होता.

"हट रे बाजूला!" देवकाबाई अंगणातून ओरडत होत्या. "उद्या लोकं येऊन राहिले!"

"माय, मी म्हणतो नको ना!"

"तुह्याच लग्नाचं करून राहिली मी! राजू, तू चालव!"

राजू मिस्त्री बाजूनं वळला आणि घणाचा एक घाव बसला. सिमेंटच्या पानाचा तुकडा उडून खाली रस्त्यावर, केतकीच्या पायाशी पडला. हिरव्या रंगाचा, बोटाएवढा जाड. तिनं तो उचलला. आतल्या सिमेंटात कोणाच्या तरी बोटाचा ठसा तसाच होता.

"थांबा!" ती ओरडली. "काकू, थांबवा त्यांना!"

"आली का व पोरी? पाय, उद्यापर्यंत सारं साफ होते. सांग तुह्या लोकाईले."

किती वेळा खरं सांगितलं होतं! उभ्यानं, बसून, चहा पिता पिता, शपथेवर. खरं या बाईंच्या कानात शिरतच नव्हतं. आता एकच रस्ता उरला होता, आणि तो सरकारी नव्हता. केतकीनं वर पाहिलं. हेमराज तिच्याचकडे पाहत होता. तिनं नजर काढून घेतली.

"काकू, तुम्ही बरोबर ओळखलं," ती म्हणाली. "मी काटोलवाल्यांकडूनच आली. त्यांना... त्यांना संत्रा पसंत आहे. त्याच्याचसाठी हो म्हणून राहिले ते. तोडला तर येणार नाहीत."

घण थांबला. देवकाबाईंचं तोंड उघडं राहिलं. वर हेमराजचा चेहरा विझल्यासारखा झाला, आणि केतकीच्या हातातला सिमेंटचा तुकडा एकदम जड झाला. संत्रं वाचलं होतं. आणि जे अजून तिचं झालंही नव्हतं, ते तिनं आपल्या हातानं काटोलला पाठवून दिलं होतं.

"संत्रा पसंत हाय?" मागून शांत आवाज आला.

यशवंतराव दारात उभे होते. उंच, किंचित वाकलेले, हातात फोन. ते सावकाश अंगणात आले.

"देवका, काटोलवाल्याईचा आताच फोन आलता. उद्या येत नाही म्हणे. पोरीले नागपुरातला नोकरीवाला पाह्यजे." त्यांनी केतकीकडे पाहिलं. "मंग पोरी, तू कोणाकडून आली?"

राजू मिस्त्री घण टेकवून कठड्यावर नीट ऐकायला बसला. देवकाबाईंनी पदर तोंडाला लावला. हेमराज हलला नाही. केतकीचे कान तापले. कायद्याची सगळी वाक्यं तिला पाठ होती, यावर त्यांतलं एकही लागू पडत नव्हतं.

"माझी मीच आली, काका," ती म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा बारीक निघाला. "फोटो काढायला आली होती. मग... मग घर पाहायला येऊन राहिली."

"अन्? घर कसं वाटलं?"

"पसंत आहे. माथ्यासकट."

"अन् पोरगा?" देवकाबाईंना राहवेना.

"त्याचा फार वैताग आहे, काकू."

"त्याचा तं आम्हालेही हाय!" देवकाबाई म्हणाल्या, आणि मग आपण होऊ घातलेल्या सुनेपुढे काय बोलून बसलो ते उमगून त्या आधी लाजल्या, मग हसत सुटल्या.

यशवंतराव फरशी ओलांडून रस्त्यावर आले. केतकीच्या शेजारी उभे राहिले. तिच्या तळहातावरचा तुकडा त्यांनी पाहिला, त्यातल्या ठशावर आपला अंगठा टेकवला. आणि मग सावकाश, दुखत असल्यासारखी मान वर केली. बराच वेळ ते पाहत राहिले.

"पान तोडलं बे राजू तू," ते म्हणाले.

"लावून देतो ना काका, सायंकाळपर्यंत!"

"मीच लावतो. तुले ते वळण नाही जमणार."

केतकीनं कॅमेरा डोळ्याला लावला. वरून हेमराजचा आवाज आला, "थांब, हटतो मी. रस्ता तुहा, हक्क तुहा. काढ मनासारखा." आणि तो खरोखरच टाकीमागे गेला.

आता चौकटीत फक्त संत्रं होतं. अर्धं पान तुटलेलं, तरी डौलदार, मागे निळंभोर आभाळ. हाच, अगदी हाच फोटो तिला हवा होता. तिनं बोट बटणावर ठेवलं... आणि उचललं. इतकी ओकीबोकी चौकट तिनं आजवर पाहिली नव्हती.

"गेला कुठं आता?" ती वैतागून ओरडली. "रोज मरमर मधे येऊन राहिला होता! ये ना बाहेर!"

टाकीमागून आधी विस्कटलेले केस निघाले, मग ती खळी.

"घर वेगळं, माणूस वेगळा म्हणे," तो म्हणाला. "माणसाले विचारावं लागते."

"विचारूनच राहिली ना!"

हेमराज येऊन तुटक्या पानाखाली उभा राहिला. केस सारखे करायला गेला आणि राहू दिले. खाली रस्त्यावर केतकीनं कॅमेऱ्यावरून डोळा काढला, त्याच्याकडे नुसत्या नजरेनं पाहिलं आणि वडिलांसारखं, उत्तराची वाट पाहत, विचारलं —

"तयार?"

"केव्हाचा!"